माळा भरला

दुपारची जेवणं आटोपून जरा आडवी झाले, तर फोनवर जीमेलचा निरोप: जागा संपत आली आहे, दरमहा पैसे भरा, नाहीतर नवी पत्रं येणं बंद होईल. पंधरा जीबी कशाने भरले म्हणून बघायला गेले. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, ज्या दुकानांत कधी पाऊल ठेवलं नाही त्यांचे सेल, आणि भाच्याच्या मुंजीतल्या एकाच घासाचे डझनभर फोटो. पुसायला बसले आणि वाचत बसले.

हे आमच्या रक्तातलंच. डोंबिवलीच्या घरात न्हाणीघरावर माळा होता. त्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे, गुंडाळून ठेवलेली सुतळी, 'दांडा चांगला आहे' म्हणून राखलेली छत्री. दिवाळीच्या आधी अण्णा स्टुलावर चढायचे आणि मी खालून एकेक वस्तू झेलायचे. प्रत्येक वस्तू खाली यायची, तिच्यावर चर्चा व्हायची आणि ती पुसून परत वर जायची. टाकून दिलेली एकच वस्तू आठवते, एक फुटका कंदील. तोही आजी गावाला गेली होती म्हणून.

अशा माणसांना १९९६ साली हॉटमेलने फुकट पत्रपेटी दिली, पण जागा दोन एमबी. कुणी फोटो पाठवला की संपलं. सायबर कॅफेत घड्याळाकडे बघत निम्मा वेळ जुनी पत्रं पुसण्यातच जायचा. मग १ एप्रिल २००४ला जीमेल आलं आणि एकदम एक जीबी देऊ लागलं, म्हणजे पाचशे पट. तारीख बघून जगात अनेकांना ती थट्टाच वाटली. अण्णांना तारखेचीही गरज नव्हती. "फुकट कोण देतं गं? काहीतरी गोम असणार." तरी भावाच्या मित्राकडून आमंत्रण मिळवून (तेव्हा आमंत्रणाशिवाय आत घेत नसत, आणि ज्याच्याकडे आमंत्रणं असत त्याचा काय तोरा!) मी त्यांचं खातं उघडून दिलंच. पुढच्या वर्षी त्या पानावर जागेचा आकडा डोळ्यांदेखत वाढताना दिसायला लागला. अण्णा चष्मा लावून बघत बसायचे. "अजून वाढतोय," असं स्वयंपाकघरात येऊन सांगायचेसुद्धा.

गोम होतीच. पत्रातला मजकूर यंत्राने चाळून शेजारी जाहिराती लागायच्या. ते थांबवत असल्याचं गूगलने २०१७ साली जाहीर केलं. आम्ही मात्र तोवर कधीच सरावलो होतो.

खरं तर फुकटाचं आम्हाला नवल नव्हतं. घरचा पहिला कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एका मुलाने जोडून दिला होता. वर्ड, एक्सेल, फोटोशॉप, सगळं एकाच सीडीतून आलं, आणि सीडीवर मार्करने नंबर लिहिलेला. शेजाऱ्याच्या बागेतलं फूलही न तोडणारे अण्णा त्या वर्डमध्ये सोसायटीला नैतिकतेवर पत्रं लिहीत. २००६ साली गूगलने राइटली बनवणारी छोटी कंपनी घेतली, ब्राउझरमध्येच लिहायची आणि तक्ते मांडायची सोय फुकट करून दिली, तेव्हा नवं काय होतं तर चोरी न करता फुकट! गंमत अशी, की पान पुन्हा न उघडता आतल्या आत मजकूर बदलण्याची ज्या युक्तीवर हे सगळं उभं राहिलं, ती वर्ड-एक्सेलवाल्या मायक्रोसॉफ्टनेच आपल्या आउटलुक या ईमेलच्या ब्राउझरमधल्या रूपासाठी काढलेली होती.

या ऑनलाइन तक्त्यांनी आमच्या घरात एक मोठं भांडण मात्र लावलं. धाकट्याच्या लग्नाची आमंत्रितांची यादी सगळ्यांना उघडून दिली होती: आई इथून, आत्या नाशिकहून, तो स्वतः न्यू जर्सीहून. एका सकाळी काकूचे माहेरचे अख्खे आठ जण गायब. पूर्वी कागदाची यादी असती तर 'राहून गेलं' म्हणून भागलं असतं. इथे इतिहास उघडला की कोणी, किती वाजता, काय खोडलं ते रंगासकट दिसतं. रात्री पावणेबारा, आत्या. आत्या आधी म्हणाली, हात लागला असेल. आठ ओळींना? मग म्हणाली, त्यांनी तरी आपल्याला कुठे बोलावलं होतं. यादी पुन्हा कागदावर गेली.

आणि यातलं आपलं काहीच नाही, हेही हळूहळू कळत गेलं. फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज २००९ला मिटलं, ब्लॉग एकत्र वाचायचं गूगलचं रीडर २०१३ला, फेसबुकसारखं मित्रमंडळींचं ऑर्कुट २०१४ला. ऑर्कुटवर मैत्रिणींनी लिहिलेल्या स्तुतीत मी किती गुणी होते, ते आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर खातं पुसलं जाऊ शकतं, असा गूगलचा नियम २०२३ साली आला. अण्णा त्याच्या आधीच गेले होते. त्यांचा पासवर्ड मला ठाऊक आहे, म्हणून मी अधूनमधून त्यांच्या नावाने आत जाऊन येते. विम्याच्या हप्त्याची आठवण, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं अजून येत असतं. मसुद्यांमध्ये गॅस एजन्सीला लिहायला घेतलेलं एक पत्र आहे: 'महोदय, सिलिंडर नोंदवून बारा दिवस झाले तरी', आणि पुढे काही नाही. आईला विचारलं, मग आला का गं तो सिलिंडर?

"आला असेल," ती म्हणाली. "जेवलोच की आपण."