रत्नागिरीचे चढउतार: दोन मैत्रिणी, तीन दिवस

ठाण्याहून रात्री कोकणकन्या पकडली आणि उजाडायच्या आत रत्नागिरीला उतरलो. स्टेशनबाहेर आल्याबरोबर मैत्रिणीने विचारलं, "अगं, समुद्र कुठाय?" समुद्र तिथून दिसत नाही, वाराही खारा लागत नाही. रत्नागिरीचं स्टेशन वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, शहरापासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. तिथून कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, एसटी स्टँड, गोखले नाका असं टप्प्याटप्प्याने खाली येत शहर शेवटी मांडवीच्या काळ्या वाळूला टेकतं. ही उतरंड डोक्यात ठेवूनच राहायची जागा ठरवा.

आम्ही ते केलं नाही. लॉजच्या जाहिरातीत 'समुद्रापासून पाच मिनिटं' असं होतं आणि नकाशावरही अंतर थोडंसंच दिसत होतं. प्रत्यक्षात मधे उभा चढ होता. नकाशा दोन ठिकाणांमधलं अंतर सांगतो, चढ सांगत नाही. बुकिंगच्या आधी फोन करून थेट विचारा, "एसटी स्टँडवरून चालत यायचं तर चढ आहे का?" कोकणातली माणसं याचं उत्तर खरं देतात. माझ्या मैत्रिणीच्या गुडघ्याची झीज झालीय. चालायला डॉक्टरांची मनाई नाही, पण जपून. त्यामुळे आमच्यासाठी हा प्रश्न साधा नव्हता.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, खाली पायी जाऊ आणि वर रिक्षाने येऊ. सरळ हिशोब. शनिवारची सकाळ होती, डिसेंबरची हवा, जांभ्या दगडाच्या कुंपणांवर, गडग्यांवर, सुकलेलं शेवाळ. चालत चालत आधी टिळक आळीत गेलो. २३ जुलै १८५६ ला लोकमान्यांचा जन्म झाला ते हे घर. उतरती कौलं, लाकडी खांब, आत फोटो आणि माहिती. वडिलांची बदली झाली आणि १८६६ मध्ये टिळक कुटुंब पुण्याला गेलं, म्हणजे लोकमान्यांचं बालपण याच अंगणात गेलं. अर्ध्या तासात बघून होतं, पण मागच्या दारापाशी दोन मिनिटं नक्की थांबा. सावलीतला गारवा तिथे अंगाला जाणवतो.

तिथून पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं. पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. दादरच्या स्मशानभूमीला ज्यांचं नाव आहे, ते हेच. आम्ही दोघी मुंबईच्या बाजूच्या, ते नाव कितीदा वाचलेलं, पण त्या माणसाचं हे काम आम्हाला इथे आल्यावर कळलं. या मंदिराबद्दल मला फार आदर वाटतो. लक्ष्मी-नारायणासमोर एक आजी फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं.

मांडवीला पोचेपर्यंत अकरा वाजले. जेटीवर बसून भेळ खाल्ली आणि उठताना मैत्रिणीचा गुडघा धरला. रात्री तो चांगलाच सुजला. बर्फाने शेकताना ती म्हणाली, "चढताना मला काही होत नाही गं, उतरताना कळ येते." आणि खरंच आहे ते. उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो. चढताना दम लागतो, पण गुडघ्याला तेवढा दणका बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही हिशोब उलटा केला: खाली जायला रिक्षा किंवा शहर बस, वर यायला सावकाश पायी, दर वळणावर टेकत. उरलेले दोन दिवस गुडघ्याने त्रास दिला नाही. तुमच्यापैकी कुणाचे गुडघे कुरकुरत असतील किंवा आईबाबांना घेऊन जाणार असाल तर एवढं तरी लक्षात ठेवा. हातात काठी असू द्या. आणि सकाळी अकरा ते दुपारी चार चढाच्या वाटेला जाऊ नका, कारण डिसेंबरातसुद्धा जांभा तापतो.

रविवार थिबा राजवाड्यासाठी ठेवला होता. तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी राजवाडा सोमवारवर ढकलू नये. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला कुटुंबासकट उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षं इथे काढली, पण या वाड्यात फक्त सहा. आपण 'राजवाडा' म्हणतो तेव्हा हे आपल्या लक्षात येत नाही. तांबूस भिंती, अर्धगोल लाकडी खिडक्या, वरच्या मजल्यावर लांबच लांब व्हरांडा. मी एका खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, कडेला रंगाचे पापुद्रे सुटलेले. बाहेर झाडांच्या शेंड्यांवरून खाडीची एक पट्टी दिसत होती.

राजवाडा बघून बहुतेक लोक गाडीत बसतात आणि निघतात. तसं करू नका. रिक्षावाल्या काकांना "राजाच्या समाधीवर न्या" म्हणा. शिवाजीनगर भागात वस्तीच्या मधोमध थिबा आणि त्याच्या धाकट्या राणीची थडगी आहेत. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा मात्र आम्ही दोघी आणि एक मांजर, एवढेच होतो. राजा गेल्यावर कुटुंब मायदेशी परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. तिची मुलगी टुटू इथल्याच माणसांत वाढली. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला परत जाऊनही तिकडे करमलं नसेल."

दुपारी भाट्ये. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की सरळसोट किनारा, मागे सुरूचं बन. सपाट असल्यामुळे गुडघ्यांना सुट्टी देण्यासाठी रत्नागिरीत यापेक्षा चांगली जागा नाही. भरतीला पाण्यात शिरू नका, खाडीच्या मुखाजवळ तर कधीच नको. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे, तिथलं पाणी गार आणि गोड. नारळाची बाग लावायची असेल त्यांनी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची माहिती आधी काढून जावं. सूर्यास्ताला परत वर, थिबा पॉइंटवर. तिथून पूल, खाडी, नदी समुद्राला मिळते ती जागा, सगळं एका नजरेत येतं. हा चढ आम्ही पायी चढलो, तीनदा बसून. वाटेत कुणाच्या तरी आवारातल्या कलमाला मोहर आला होता, त्याचा वास त्या वळणावरून पुढच्या वळणापर्यंत आला.

हापूससाठी जाणार असाल तर मात्र डिसेंबर नको, एप्रिल-मे गाठा. त्या दिवसांत उकाडा आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी ठेवा, आणि पेटी रस्त्यावर घेण्यापेक्षा ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या. आम्ही आंबापोळी आणि फणसपोळीवर भागवलं.

सोमवारी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, तिन्ही बाजूंना समुद्र, सुमारे १२० एकरांचा विस्तार. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला. आत आजही वस्ती आहे, त्या भागाला पेठकिल्ला म्हणतात. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ. रिक्षा अगदी जवळपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. इथे उतरताना मैत्रिणीने काठी टेकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरायची पद्धत धरली, तीच बरोबर. सकाळी आठला जा, तटावरून खाली भगवती बंदर आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर स्वच्छ दिसतो. दीपगृह दुसऱ्या टोकाला आहे. ते संध्याकाळी थोडाच वेळ उघडतं, म्हणून दोन्ही एकाच फेरीत होईल असं धरून चालू नका. आम्ही दीपगृह सोडलं, कारण मिरकरवाडा गाठायचा होता.

मिरकरवाडा बंदर हे माझ्या मते रत्नागिरीतलं सगळ्यात जिवंत ठिकाण. चारच्या सुमाराला होड्या लागत होत्या. बर्फाचा चुरा, डिझेल आणि ताजी मासळी यांचा एकत्र वास. पायाखाली सतत ओलं, त्यामुळे चप्पल घसरणारी नको. एक मावशी पाटावर म्हाकूल (स्क्विड) साफ करत होत्या. डोकं धरून एक हिसका, आतली पारदर्शक काडी ओढून बाहेर, वरची जांभळट साल अंगठ्याने सोलून टाकायची, की हातात पांढरंशुभ्र मांस. एकाला दहा सेकंदंसुद्धा लागत नव्हती. लिलावाच्या गर्दीत मधे उभं राहू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. त्यांची ती कामाची वेळ असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर हे काही दिसणार नाही.

त्या मावशींनीच सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, कुठे घ्यायचे ते सांगितलं. सोडा बोटात दाबून बघायचा: टणक लागला पाहिजे, ओलसर चिकट नको, आणि तळहातावर वाळू उरता कामा नये. आम्ही अर्धा-अर्धा किलो घेतले. परतीची गाडी रात्रीची होती. स्टेशनला जायची रिक्षा संध्याकाळीच सांगून ठेवा, रात्री उशिरा खालच्या शहरात शोधत बसावं लागतं. आणि सोडे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. आम्ही नुसत्या पिशवीत बांधले होते. पनवेल येईपर्यंत आमच्या डब्यातल्या प्रत्येकाला ठाऊक झालं होतं, आम्ही काय घेऊन चाललोय ते.