डायनाको ए-२५ साठी बदली ट्वीटर : माझा अनुभव

डायनाकोच्या ए-२५ या जुन्या स्पीकरच्या जोडीतला एक ट्वीटर (उंच सूर वाजवणारा छोटा भाग) बंद पडला की बहुतेक जण एकच सल्ला देतात: २५ मिलिमीटरचा चांगला सिल्क डोम (रेशमी घुमटाचा ट्वीटर) आणा, भोक थोडं मोठं करा, बसवा. बऱ्याच जुन्या स्पीकरांना हा सल्ला चालून जातो. ए-२५ ला मात्र चालत नाही. ते का, आणि मग काय करायचं, हे मोजमापासकट लिहितो आहे.

फिलाडेल्फियाच्या डायनाकोने हा स्पीकर १९७० च्या आसपास बाजारात आणला. ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) नॉर्वेच्या सीअसचे, १० इंची कागदी वूफर (खालचे सूर वाजवणारा) आणि दीड इंची मऊ डोम. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवण्याची जागा, १५०० हर्ट्झला. ट्वीटरच्या वाटेत फक्त एक कपॅसिटर (माझ्या जोडीत ५ मायक्रोफॅरड, नॉन-पोलर) आणि पाच जागांच्या लेव्हल स्विचचे रेझिस्टर. एवढ्या कमी भागांत तो इतका सलग वाजतो, कारण अर्धं काम तो मोठा डोम स्वतःच करतो.

नवीन ट्वीटर शोधण्याआधी जुना खरोखर गेला आहे का ते बघा. त्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावा. साडेपाच-सहा ओहम आले तर कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जिवंत आहे. तारा न सोडवता मोजलं तर स्विचचे रेझिस्टर समांतर येतात आणि आकडा फसवतो. वरचा आवाज गायब होण्याचं कारण पुष्कळदा लेव्हल स्विचवर बसलेली काजळी असते. काँटॅक्ट क्लीनर मारून स्विच दोन्ही टोकांपर्यंत भरपूर वेळा फिरवा. त्यानेही फरक पडला नाही तर कपॅसिटरचा एक पाय उचलून एलसीआर मीटरवर (कपॅसिटर मोजणारं मीटर) मोजा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सहसा लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या वर सरकलेले असतात आणि त्यांचा अंतर्गत रोधही वाढलेला असतो. त्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर घालावा. तेवढ्या मायक्रोफॅरडचा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतो. व्होल्टेज १०० च्या पुढचं असलं म्हणजे झालं. कॉइल तुटलेलीच निघाली, तरच पुढचं वाचा.

आता मुख्य अडचण. ५ मायक्रोफॅरड आणि ८ ओहम यांचं गणित मांडलं तर छेद (ज्याच्या खालचे सूर फिल्टर कापू लागतो ती जागा) जवळजवळ ४००० हर्ट्झला येतो, १५०० ला नाही. म्हणजे कपॅसिटर खालचा भाग बराच दाबतो आणि वर जाताना पातळी चढत जाते. मूळ मोठा डोम वरच्या टोकाला हळूहळू उतरतो. हा चढ आणि तो उतार एकमेकांना सावरतात. त्याच जागी वरपर्यंत सपाट असणारा आधुनिक ट्वीटर बसवला की उतार नाहीसा होतो, चढ तसाच राहतो. २००० च्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० च्या वर आवाज चमकू लागतो. पहिल्या पाच मिनिटांत हे ‘तपशील वाढला’ असं वाटतं. तानपुरा लावला की कळतं: जवारीचा वरचा झंकार सुटा ऐकू येतो आणि त्याला षड्जाशी बांधणारा मधला भाग विरळ झालेला असतो.

मग कपॅसिटर वाढवावा का? ८ ओहमला १० मायक्रोफॅरड घातला की छेद २००० हर्ट्झला येतो आणि खड्डा भरतो. पण इथे डोमचा आकार आडवा येतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर डोमला चौपट हलावं लागतं. सप्तकामागे ६ डेसिबल कापणारा फिल्टर त्यातलं निम्मंच वाचवतो, म्हणजे अनुनादापर्यंत (डोम स्वतःहून सहज थरथरतो त्या वारंवारतेपर्यंत) दर सप्तकाला हालचाल दुप्पट होत जाते. त्यात २७ मिलिमीटरच्या डोमचं क्षेत्रफळ मूळ ३८ मिलिमीटरच्या जेमतेम निम्मं, म्हणून हालचाल आणखी दुप्पट. मोठ्या आवाजात हार्मोनिअम लावला की हाच ताण कर्कशपणा होऊन बाहेर पडतो.

या कसोटीवर मी पर्याय ताडून पाहिले.

सीअसचा २७टीडीएफसी: नाममात्र ६ ओहम, अनुनाद ५५० हर्ट्झ, संवेदनशीलता ९० डेसिबलच्या वर. ट्वीटर उत्तम आहे, पण जुन्या फिल्टरवर तो लावू नका. याला दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे सप्तकामागे १२ डेसिबल कापणारा फिल्टर हवा. २२०० हर्ट्झ आणि ८ ओहम धरून मालिकेत ६.८ मायक्रोफॅरड, समांतर ०.८२ मिलिहेन्री हवेच्या गाभ्याची कॉइल. ट्वीटरच्या अगदी आधी २.२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. या एका रेझिस्टरने दोन कामं होतात: ६ ओहमचा भार ८.२ होतो, म्हणजे फिल्टरचं गणित टिकतं, आणि पातळी पावणेतीन डेसिबलने उतरते. माझ्या जोडीत वूफरशी पातळी जुळवायला तेवढंच लागत होतं.

डेटनचा डीसी२८एफ-८: ८ ओहम, सुमारे ८९ डेसिबल, अनुनाद ७०० च्या थोडा वर. किमतीला चांगला, रेझिस्टर जवळजवळ लागत नाही. पण अनुनाद वर असल्यामुळे याला २५०० च्या खाली नेऊ नये.

क्रॉसओव्हर वर सरकवण्याची किंमत मात्र मोजावी लागते. १० इंची वूफरच्या शंकूचा उपयुक्त व्यास २० सेंटिमीटरच्या आसपास असतो. १७०० हर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी तेवढीच होते आणि तिथून पुढे वूफरचा आवाज समोरच एकवटू लागतो. क्रॉसओव्हर २५०० वर नेला की समोर बसून सगळं ठीक वाटतं. बाजूच्या खुर्चीत गायकाचा आवाज मागे सरकतो. मूळ रचनेत १५०० हा आकडा का निवडला असेल, ते इथे नीट उमगतं.

म्हणून माझा कौल मोठ्या डोमला. सीअसने ए-२५ ची आठवण ठेवून ए-२६ नावाचा संच काढला, त्यातही १० इंची कागदी वूफरसोबत ३५ मिलिमीटरचा टी३५सी००२ आहे. हा डोम साध्या, एका कपॅसिटरच्या फिल्टरवर न कुरकुरता काम करतो. ८.२ मायक्रोफॅरडपासून सुरुवात करून मोजत १० पर्यंत जावं. वरचं टोक २७टीडीएफसीइतकं मोकळं नाही, पण तबल्याची चाट आणि बायाचा घुमारा एकाच वाद्यातून येतात. माझ्या लेखी या स्पीकरची ओळख तीच आहे.

जुने मूळ ट्वीटर मिळाले तर जोडीनेच घ्या आणि दोन्हींचा इम्पीडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा रोध) आलेख काढा. साउंडकार्ड, १०० ओहमचा रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर ते होतं. दोघांचे अनुनाद बरेच लांब असतील तर ती जोडी नाही. गाडीत लावायचे ४ ओहमचे बिननावाचे डोम आणि पिएझो (कॉइलऐवजी स्फटिकावर चालणारे ट्वीटर) या कामाला अजिबात घेऊ नयेत.

बसवताना मूळ भोक कोरू नका. आधुनिक ट्वीटरची चकती बहुधा १०४ मिलिमीटरची असते. ६ मिलिमीटर एमडीएफची मधली कडी कापून ती जुन्या स्क्रूंच्या भोकांवर बसवा आणि ट्वीटर त्या कडीत. मागे २ मिलिमीटरचा फोमचा गॅस्केट हवाच, कारण ही पेटी काचलोकर भरलेल्या फटीतून मोजून हवा सोडते. दुसरीकडून गळती झाली की खर्ज सैल होतो. काचलोकर हाताळताना हातमोजे घाला. स्क्रू आवळताना डोमवर जाड पुठ्ठा धरा. चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हर खेचून घेतं आणि टोक सरळ डोममध्ये जातं. पितळी स्क्रू वापरले तर निम्मी भीती जाते.

ट्वीटर थेट अँप्लिफायरला जोडून मोजत असाल तर मालिकेत २०-३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा आणि स्वीप (खालून वर चढत जाणारा मोजणीचा सूर) ५०० हर्ट्झपासून सुरू करा. माइक ट्वीटरच्या रेषेत एक मीटरवर ठेवा. पहिल्या ४ मिलिसेकंदांनंतरचे खोलीचे पडसाद कापले तर २५० हर्ट्झच्या वरचा आलेख विश्वासाचा राहतो. त्यानंतर ट्वीटरच्या तारा उलट्या करून पुन्हा मोजा. २७टीडीएफसीच्या दुसऱ्या श्रेणीच्या फिल्टरसोबत माझ्याकडे उलटी जोडणीच बरोबर आली. सुलट जोडणीत क्रॉसओव्हरपाशी खोल दरी दिसत होती. मोठ्या डोमसोबत फरक छोटा असतो. तिथे बसायच्या उंचीवर माइक ठेवून जी जोडणी सपाट येईल ती ठेवा.

ऐकून तुलना करताना एका पेटीत जुना आणि दुसऱ्या पेटीत नवा ट्वीटर ठेवा, मोनो लावा, पिंक नॉइझवर (मोजणीसाठीचा सलग खळखळाट) दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. एक डेसिबलने मोठा वाजणारा ट्वीटर नेहमीच ‘चांगला’ वाटतो. पातळी जुळली की २७टीडीएफसीच्या आधी २.२ आणि २.७ ओहमचे रेझिस्टर आलटून पालटून लावा. गाद्या-पडद्यांच्या खोलीत मी २.२ ठेवतो, उघड्या फरशीच्या खोलीत २.७. लेव्हल स्विच या सगळ्यातून बाहेर काढून ठेवा, पण त्याच्या तारांवर चिठ्ठ्या लावून पेटीतच राहू द्या. मूळ ट्वीटर पुन्हा मिळाला तर तो तासाभरात परत जोडता येतो.