ब्रूस्टर: इंजिन कुणाचंही असो, गाडी आमची

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सबोरो प्लाझा स्टेशनच्या अगदी जवळ एक अवाढव्य जुनी बिल्डिंग आहे, आज तिथे जेटब्लू एअरलाइनचं हेड ऑफिस आहे. ती १९११ साली बांधली ब्रूस्टर अँड कंपनीनं, म्हणजे मूळच्या बग्गीवाल्यांनी, आणि पुढे अमेरिकेत रोल्स-रॉइसही विकली याच लोकांनी. रोल्सबद्दल आपल्याकडे महाराजांचे किस्से सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण ब्रूस्टर हे नाव जुन्या गाड्यांचं वेड असलेल्यांनाही फारसं माहीत नसतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात १८१० ची, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला, जेम्स ब्रूस्टर यांनी केली. नंतर न्यूयॉर्कला शाखा आली, मुलं धंद्यात आली आणि मग आपल्याकडे मिठाईच्या दुकानांत होतं तेच झालं, दोन भावांच्या दोन कंपन्या, दोन्ही ब्रूस्टर, दोन्ही म्हणणार खरे आम्हीच! धाकट्या हेन्रीनं १८५६ मध्ये दोन पार्टनर घेऊन ब्रूम स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि गिऱ्हाइकाचा घोळ होऊ नये म्हणून 'ब्रूम स्ट्रीटवाले ब्रूस्टर' असं म्हणवून घ्यायला लागला. हीच पाती टिकली.

यांची एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. १८६९ च्या सुमारास यांनी नफ्यातला १० टक्के वाटा कामगारांना द्यायची स्कीम काढली, तीही मालकांचे पगार वजा करायच्या आधीच्या नफ्यातून, म्हणजे त्या काळाच्या मानानं भलतंच उदार. पण १८७२ ला न्यूयॉर्कभर आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, त्यात यांचेही कामगार उतरले आणि मालकांनी रागानं स्कीमच गुंडाळली. नफ्यात वाटा दिला म्हणजे माणसानं तासांबद्दल तोंड उघडायचं नाही ही मालकांची समजूत तेव्हाही होतीच. धंद्याला मात्र काही झालं नाही, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना गोल्ड मेडल मिळालं.

मग आल्या मोटारी. बग्गीवाल्यांपैकी बरेच जण 'हे फॅड आहे, जाईल' म्हणत बसले आणि बुडाले. ब्रूस्टरनी वेगळं केलं, स्वतः इंजिनाच्या भानगडीत न पडता १९०५ च्या सुमारास फ्रान्सच्या डेलॉने-बेलव्हिलची एजन्सी घेतली. ही कंपनी मूळची जहाजांचे बॉयलर बनवणारी, गाडीचा रेडिएटरही बॉयलरसारखा गोल, रशियाचा झारसुद्धा हीच वापरायचा. तेव्हा मोठी गाडी विकत घ्यायची म्हणजे कंपनीकडून नुसता चासी यायचा, चाकं, फ्रेम, इंजिन, रेडिएटर, बस. वरची बॉडी तुम्ही वेगळी बनवून घ्यायची. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हातानं ठोकून वळवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. काही शौकीन तर एकाच चासीसाठी दोन बॉड्या करून घ्यायचे, उन्हाळ्यात उघडी, थंडीत बंद, आणि सीझन बदलला की वरचा डबा उचलून दुसरा बसवायचा. त्यामुळे इम्पोर्ट आणि बॉडी एकाच छपराखाली असणं ही फार हुशारीची गोष्ट होती, दोन्हीकडचं मार्जिन आपलं.

रंगकाम तर विचारूच नका. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगड आणि पाण्यानं घासायचा, परत हात, असं करत शेवटी व्हार्निश, यात आठवडेच्या आठवडे जायचे. दारावर वेताच्या विणीसारखी नक्षी असायची पण ती वेताची नसून रंगाची, दाट रंग बारीक नळीतून पिळत एकेक तिरकी रेघ ओढायची, हात फिरवला तर उठाव बोटाला लागेल अशी. आणि हे सगळं झाल्यावर ड्रायव्हर उघड्यावर पावसात भिजणार आणि मालक मागे काचेत! बग्गीत कोचमन बाहेर बसायचा ना, मग मोटारीतही बाहेरच. छप्पर पुढे दोन फूट वाढवता येत नव्हतं असं थोडंच आहे.

१९१४ ला त्यांना रोल्स-रॉइसची एजन्सी मिळाली आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, युरोपातून चासी येणं अवघड. आता विकायचं काय? शेवटी १९१५ पासून स्वतःचीच गाडी काढली, ब्रूस्टर नाइट. तिच्यात साध्या व्हॉल्व्हऐवजी पिस्टनभोवती वरखाली सरकणाऱ्या स्लीव्ह, म्हणजे नळ्या, होत्या, त्यामुळे टकटक नाही, इंजिन एकदम शांत, ऑइल मात्र भरपूर प्यायचं. मडगार्ड चक्क पेटंट लेदरचे!! छोटी, शहरात फिरायला, आणि किंमत हजारो डॉलर, तेही फोर्ड मॉडेल टी काही शे डॉलरला मिळत असताना.

माझ्या मते ब्रूस्टरना वेगाशी काही घेणंदेणं नव्हतंच, मागच्या सीटवर बसणाऱ्याला कसं वाटतं एवढंच ते बघायचे. त्यात ते कुणालाही ऐकले नसते, पण १९२४ ला जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूको हा झटपट वाळणारा रंग आला आणि आठवड्यांचं रंगकाम दिवसांवर आलं, तेव्हा यांच्या कारागिरीची किंमत कोण मोजणार? तोवर रोल्स-रॉइसनं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला स्वतःचा कारखाना टाकला होता, त्यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यावर ब्रूस्टरच विकत घेतली. मग मंदी आली. स्प्रिंगफील्डचं उत्पादन १९३१ ला थांबलं, एकूण तीन हजाराला थोड्या कमी गाड्या झाल्या होत्या.

शेवटचा खेळ केला ब्रूस्टरचे तेव्हाचे प्रमुख जॉन इन्स्किप यांनी. १९३४ ला साधा फोर्ड व्ही-८ चा चासी घेतला, लांबवला, पुढे पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची जाळी लावली, बॉडी कुठलीही घ्या ३,५०० डॉलर. काय दिसते ती गाडी! काहींना भडक वाटेल, मला जाम आवडते. शंभर-सव्वाशेच्या वर फारशा विकल्या गेल्या नाहीत, आणि १९३७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. इन्स्किप मात्र न्यूयॉर्कमध्ये रोल्स-रॉइस इम्पोर्ट करून विकत राहिले, महायुद्धानंतरही.