थ्री बीएचके आणि एकही कामवाली नाही

मी चाइल्ड हेल्पलाइनला केस वर्कर आहे, म्हणजे १०९८, बोलताना आम्ही 'दस नौ आठ' म्हणतो, कारण लहान पोरांच्या तेच लक्षात राहतं. १९९६ ला मुंबईत सुरू झाला हा नंबर, बरीच वर्षं संस्थांकडे होता, २०२३ पासून सरकारकडे गेला आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडला गेला, त्यामुळे आता कॉल आधी राज्याच्या कंट्रोल रूमला लागतो आणि तिथून आमच्या जिल्ह्याच्या युनिटला येतो. मुलीचं नाव, सोसायटी, एरिया काही सांगणार नाहीये, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे त्यासाठी, आणि ते नसतं तरी सांगितलं नसतं. पुण्यातली केस आहे एवढं पुरे.

मे महिना, बुधवार, सकाळी पावणेदहा. मी डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवत होते तेवढ्यात कॉल आला. बाई वयस्कर, आवाज इतका खाली की मला दोनदा "जरा मोठ्याने बोला" म्हणावं लागलं. तर म्हणाल्या, "मोठ्याने कशी बोलू, ड्राय बाल्कनी समोरच आहे त्यांची."

मग पहिलं वाक्य काय, तर "आमचं नाव येणार नाही ना?" हे शंभरातले नव्वद लोक विचारतात. मी म्हटलं नाही येणार काकू, बोला. तर त्या आधी स्वतःबद्दलच बोलायला लागल्या, मी काही चौकस बाई नाही हो, मिस्टर गेल्यापासून एकटी असते, दुपारी झोप लागत नाही म्हणून कानावर येतं. चार मिनिटं हेच. मी मध्ये बोलले नाही, कारण अनुभव असा की माणूस स्वतःची सफाई देऊन झाली की मग खरं सांगतो.

आणि मग त्या म्हणाल्या, "थ्री बीएचके आहे ताई त्यांचा. नवरा-बायको दोघं आयटीत, एक मुलगा. आणि कामवाली नाही. एकही नाही. मग भांडी कोण घासतं?"

मी विंग आणि मजला लिहून घेतला, आणि पेन तिथेच थांबलं. कारण त्या घरी मी जाऊन आले होते. मार्चमध्ये.

ते आधी सांगते, कारण माझ्या मनातून ते जात नाही. मार्चमध्ये कुणीतरी फोन करून सांगितलेलं की अमुक विंगमध्ये लहान मुलीच्या ओरडण्याचा आवाज येतो, मजला नक्की माहीत नाही, आठवा किंवा नववा. मी आणि एक सहकारी गेलो, चार दारं वाजवली. त्यातलं एक हे. बाई घरीच होत्या, वर्क फ्रॉम होम, हसून दार उघडलं, या ना बसा म्हणाल्या, भिंतीवर मुलाची ऑलिम्पियाडची सर्टिफिकेटं, टीपॉयवर मनी प्लांट. आम्हाला एकच मुलगा, मुलगी नाहीच आमच्याकडे, वरच्यांकडे असेल. आत जाऊन आल्या आणि पाच-सात मिनिटांनी परत आत जाऊन चहा घेऊन आल्या. आम्हाला घराची झडती घ्यायचा अधिकार नसतो, पण स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावता आलं असतं, बाकीच्या ठिकाणी मी ते करते, इथे नाही केलं. का नाही केलं? घर नीटनेटकं होतं म्हणून. बाई नीट बोलत होत्या म्हणून. वस्तीत गेले असते तर मी मोरीपर्यंत गेले असते, हे मला माहितीये. अर्धा चहा ठेवून आम्ही उठलो, पुढची व्हिजिट होती, आणि मी फॉर्मवर लिहिलं 'तथ्य आढळले नाही'.

तर काकूंचा फोन झाल्यावर मी तडक गेले, पण त्या दारावर नाही, काकूंकडे. समोरासमोर फ्लॅट नव्हेत, दोन विंगच्या मध्ये डक्ट आणि दोन्हीकडच्या ड्राय बाल्कन्या त्या डक्टला. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं, आणि त्याच्यावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, १, १, अर्धा, खाडा. तो सगळ्यांच्याच घरी असतो. पण काही चौकोनांत खाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं 'टीव्ही', आणि पुढे वेळ. टीव्ही २.४०. टीव्ही ८.१५. टीव्ही ३.१०.

मी म्हटलं, "काकू, हे काय?"

"आधी भांडं पडतं, स्टीलचं. मग त्यांचा टीव्ही मोठा होतो. एकदम मोठा. दहा-पंधरा मिनिटं. मग परत बारीक होतो." आणि जरा थांबून, "रडणं ऐकू येतच नाही हो. म्हणूनच मला वाटायचं की आपलं चुकत असेल."

११ मार्चपासून मी मोजले, २३ वेळा टीव्ही. आणि काही तारखांना नुसतं एक छोटं कुलूप काढलेलं, अगदी शाळेतल्या मुलाने काढावं तसं. त्या रात्री ड्राय बाल्कनीचं दार आतून, म्हणजे किचनच्या बाजूने बंद आणि बाहेर वॉशिंग मशीनच्या मागे कुणीतरी झोपलेलं. काकूंना अंधारात फक्त पाय दिसायचे. एप्रिलच्या एका चौकोनात लिहिलं होतं 'पूर्ण बाह्या'. म्हणजे चाळीस डिग्रीत पोरगी फुल बाह्यांचा टीशर्ट घालून कपडे वाळत घालत होती.

"ह्याला पुरावा म्हणतात का गं?" काकूंनी विचारलं, एव्हाना ताईची अगं झाली होती. मी म्हटलं पुरावा गोळा करणं तुमचं काम नाहीच, ते पोलिसांचं, तुम्हाला शंका आली आणि तुम्ही कळवलं तेवढं बास. लोकांना खरंच असं वाटतं की आधी आपण सिद्ध करायचं आणि मग फोन करायचा. नाही हो. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सोमध्ये कळवणं बंधनकारकच आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर पुढे ते खोटं निघालं तरी कारवाई होत नाही. बाकीच्या प्रकरणांतही नाव न सांगता १०९८ ला फोन करता येतो. त्यांनी सेक्रेटरींना सांगून बघितलं होतं, ते म्हणाले फॅमिली मॅटर आहे. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलेलं, "रोज कोणाचं मूल रडतंय का?", त्यावर दोन अंगठे, एक "मुलं आहेत, रडणारच", आणि त्याच्या खाली लगेच व्हिजिटर पार्किंगवरून साठ-सत्तर मेसेज.

खाली येऊन वॉचमनशी बोलले. तो आधी काही बोलेना, मग म्हणाला, "मॅडम, अ‍ॅपवर प्रत्येक फ्लॅटच्या बाईची एन्ट्री असते, ह्यांची कोणाचीच नाही." कचरा नेणाऱ्या मावशी जिन्याजवळ भेटल्या, त्यांनी तर एका दमात सगळं सांगितलं. डस्टबिन पोरगीच दारात ठेवते, दार लगेच लागतं, एकदा मनगटावर भाजलेलं आणि त्यावर टूथपेस्ट फासलेली, मी विचारलं तर म्हणाली कुकर लागला. "आणि एकदा मला हळूच विचारती, मावशे, आज कंचा वार हाय. मला कसंतरीच झालं बगा. आता वार पण ठाव नाय लेकराला?" मी विचारलं तुम्ही कुणाला सांगितलं नाही? तर म्हणाल्या, "मी कुणाला सांगू? मला काढून टाकतील." ते खोटं नव्हतं.

पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी असतात, प्रत्येक ठिकाणी एक तरी नेमलेला असतो, ते आणि एक महिला कॉन्स्टेबल, दोघंही साध्या कपड्यांत आले. मुलाला भेटताना शक्यतो युनिफॉर्म नको असं कायद्यातच आहे. साडेबाराला बेल वाजवली. दार उघडलं, त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं आणि हसल्या. "अरे तुम्ही परत?"

साहेब म्हणाले घरात कोण कोण आहे. मी, मुलगा क्लासला, मिस्टर ऑफिसला. कॉन्स्टेबल ताई काही न बोलता सरळ किचनमध्ये गेल्या आणि तिथून ड्राय बाल्कनीची कडी काढल्याचा आवाज आला. तो कडीचा आवाज, बाकी सगळ्यांना सांगून समजणार नाही, पण मला अजून ऐकू येतो.

अकरा वर्षांची होती. वाटत होती आठची. केस कात्रीने कसेतरी कापलेले, उवा झाल्या म्हणून असं बाई नंतर म्हणाल्या. वॉशिंग मशीन आणि भिंत ह्यांच्या मध्ये एक घडी केलेली सतरंजी, एक प्लास्टिकचा मग, आणि निरम्याच्या रिकाम्या पिशवीत तिची मालमत्ता, दोन कपडे, एक तुटका कंगवा आणि जिल्हा परिषद शाळेचं तिसरीचं प्रगतिपुस्तक. ते तिने सोबत आणलं होतं कारण तिला सांगितलं होतं की पुण्यात शाळेत घालणार.

बाईंचं सुरू झालं, आम्ही तिला मुलीसारखं ठेवलंय, आमच्या नात्यातलीच आहे, घरात थोडी मदत करते म्हणजे काय काम झालं का. हे 'नात्यातलीच' आम्हाला पाठ झालंय आता. घरकामाला १४ च्या आतलं मूल ठेवायला २००६ पासून बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सगळ्याच कामाला, पण शाळा सांभाळून घरच्यांना मदत केली तर चालते अशी एक फट आहे आणि सगळे त्या फटीतून घुसतात. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, नात्यातली आहे ना, मग आडनाव सांगा तिचं. सांगता आलं नाही. नंतर नवरा आला, त्याने आल्या आल्या तुम्ही कोणाला ओळखता का असं विचारलं, म्हणजे नेहमीचंच.

निघताना बघितलं तर शू-रॅकमध्ये तिच्या मापाची चप्पलच नाही. आली तेव्हाची होती ती लहान झाली आणि बाहेर जायचंच नव्हतं तर दुसरी कशाला. कॉन्स्टेबल ताईंनी लिफ्टपर्यंत तिला कडेवर घेतलं, अकरा वर्षांच्या मुलीला, आणि सहज उचलली गेली. रस्त्यात गाडी थांबवून दीडशेची गुलाबी चप्पल घेतली.

मेडिकलला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे दोन तास गेले. डॉक्टरांनी जुन्या आणि नव्या खुणा वेगवेगळ्या लिहिल्या, मी ते इथे लिहीत नाही. तोपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नव्हती, वडापाव दिला तो निम्मा खाऊन निम्मा कागदात गुंडाळून त्या निरम्याच्या पिशवीत ठेवला. बाकावर बसलो होतो. मी मोबाइलवर रिपोर्ट टाइप करत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, खूप वेळ, मग म्हणाली,

"तुमी मागं आल्ता ना?"

मी म्हटलं कधी गं?

"तवा. दोघी आल्ता. च्या मीच केलता, आलं घालून." आणि मग, "तुमी निम्माच पेला. राहिलेला मंग मी पेले."

मला काय बोलावं कळेना. मी सॉरी म्हटलं बहुतेक. ती म्हणाली, "गोड झालता का?" मी म्हटलं चांगला झाला होता. तिने मान हलवली, जणू काही हेच विचारायचं राहिलं होतं.

पाच वाजता बाल कल्याण समितीपुढे उभं केलं. २४ तासांची मुदत असते पण असं मूल पोलीस स्टेशनच्या बाकावर रात्रभर कोण ठेवेल. मुलींच्या बालगृहाचा आदेश झाला. एफआयआरमध्ये बाल न्याय कायद्याचं ७५ (मुलाशी क्रूर वागणं) आणि ७९ (मुलाला कामाला ठेवून पिळवणूक) लागलं, शिवाय बालकामगार कायद्याचं. ७९ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मिळते किती जणांना ते विचारू नका.

आई-वडील बीडकडचे, ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर कोयता निघाला, म्हणजे तोडीला जायची वेळ झाली, तेव्हा मुकादमाच्या ओळखीने हिला इकडे पाठवलेली, 'शिकंल पोरगी' म्हणून, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. वडील तिसऱ्या दिवशी एसटीने आले, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांना फोनवर फक्त 'पोरगी पुण्यात भेटेल, या' एवढंच कळलं होतं, त्यांना वाटलं चौथीचा निकाल लागला.

काकूंचं म्हणाल तर नाव नको म्हणणाऱ्या काकू पुढच्या आठवड्यात स्वतःच मला फोन करून म्हणाल्या की मी जबाब देते, तो टीव्हीचा आवाज माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही. मी, साहेब आणि दोन पंच त्यांच्याकडे गेलो. साहेब म्हणाले कॅलेंडर पंचनाम्यात घ्यावं लागेल, ओरिजिनल.

काकू एकदम गडबडल्या. "अहो पण मे महिन्याचं बिल द्यायचंय अजून दूधवाल्याला." मग साहेब, पंच आणि मी तिघाचौघांनी सोफ्यावर बसून राहायचं आणि काकूंनी चष्मा लावून वहीत एकेक तारीख उतरवून घ्यायची, असं वीस मिनिटं चाललं. मध्येच एकदा थांबल्या, पेन्सिल कानामागे लावली, आणि मला विचारलं,

"२३ तारखेला खाडा होता की अर्धा लिटर, वाच गं जरा, मला हे टीव्हीखाली दिसत नाहीये."