घसरायला जायचं, त्याची एवढी तयारी!

“एवढे पैसे भरून घसरायला जायचं? पुण्यात पावसाळ्यात कुठल्याही जिन्यावर ते फुकटात होतं की!” फोनवर आईची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी लगेच आली, “मी पण येणार आहे ना?”

म्युनिकमध्ये राहून आम्हाला सात हिवाळे झाले. जानेवारीतल्या दर सोमवारी ऑफिसात निम्मी माणसं गॉगलची पांढरी पट्टी सोडून बाकी चेहरा रापवून येतात आणि आपण शनिवार-रविवारी डाळ निवडली हे सांगायची लाज वाटते. यंदा आई दोन महिने येणार म्हटल्यावर ठरवलं, आता ब्रेनर घाट ओलांडून इटलीत स्कीला जायचंच.

नवऱ्याने पहिल्याच रात्री नकाशा उघडला आणि सेलारोंदावर बोट ठेवलं. सेला पर्वताला चार घाट ओलांडत स्कीवरून घातलेली ही प्रदक्षिणा. लिफ्टचं अंतर धरून सुमारे ४० किलोमीटर, वाटेवरच्या पाट्या एका दिशेला नारिंगी, उलट दिशेला हिरव्या. “तिसऱ्या दिवशी करू,” म्हणाला. तोपर्यंत आमच्यापैकी कुणीही आयुष्यात पायाला स्की बांधली नव्हती. मी नकाशा मिटला.

मग मी माझी यादी केली. त्यात उतार किती लांब आणि शिखर किती उंच याला जागाच नव्हती. नवशिक्यांचा सपाट उतार आणि स्की न करणाऱ्या सत्तरीच्या बाईला दिवसभर करण्यासारखं काहीतरी, एवढेच दोन रकाने. यात व्हाल गार्देना खोऱ्यातलं ओर्तिसेई चपखल बसलं. गाव १२३६ मीटरवर. तिथून गंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर गेलं की २००० मीटरवर आल्पे दी सिउसी लागतं. युरोपातलं सर्वात मोठं उंचावरचं कुरण, हिवाळ्यात अर्थातच पांढरंशुभ्र. सोपे निळे उतार तिथे भरपूर, चालायला दाबून केलेल्या वाटा आणि घोड्यांची घसरगाडी. आईला घोड्यांचा फोटो पाठवला. तिचा विरोध तिथेच वितळला. (खोऱ्यात आणखी वर सेल्वा नावाचं गावही आहे, सेलारोंदाला जास्त सोयीचं. नवरा अजून त्याबद्दल बोलतो.)

हा सगळा भाग १९१९पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. पाट्यांवर गावाचं नाव तीन भाषांत: इटालियन, जर्मन आणि इथली स्वतःची लादिन. आमचं मोडकं जर्मन इटलीत चालणार, हाही एक छुपा फायदा.

तारखांवर मात्र आठवडाभर डोकं खपलं. नाताळ म्हणजे खिशाला भोक. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सुट्ट्या, शिवाय ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ला मिलान-कोर्तिनाचं हिवाळी ऑलिंपिक. म्हणून जानेवारीचा तिसरा आठवडा. हॉटेलवाले खोल्या शनिवार ते शनिवार देतात, इटालियन लोक त्याला ‘पांढरा आठवडा’ म्हणतात. पण त्यामुळे शनिवारी ब्रेनरवर गाड्यांची रांग लागते. चौकशी केल्यावर एका छोट्या घरगुती हॉटेलने रविवार ते रविवार मान्य केलं. विचारायला लाजू नका!

लिफ्टच्या मोठ्या पासचा मोह आवरा. दोलोमिती सुपरस्कीचा पास १२ भागांतल्या १२०० किलोमीटर उतारांवर चालतो. त्यातले आपण किती वापरणार? पहिल्या दोन दिवसांत साधारण दोनशे मीटर. वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकाला विचारून पास घ्यायचं ठरवलं आणि ते शहाणपणाचं निघालं. विम्यावर मात्र काटकसर नको. इटलीत २०२२पासून उतारावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असावाच लागतो, आणि नोव्हेंबर २०२५पासून मोठ्यांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. आईच्या व्हिसासाठी काढलेल्या विम्याचे बारीक अक्षरातले नियम वाचले, तर त्यात स्की वगळलेली! ती कुठे स्की करणार होती म्हणा, पण वाचून बरं वाटलं.

आई शाकाहारी. हॉटेलात नाश्ता आणि रात्रीचं जेवण होतं, म्हणून आधीच मेल केली. इथले कानेदेर्ली, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, बहुतेकदा डुकराच्या मांसाचे असतात, पण पालकाचेही मिळतात. पालक आणि रिकोटा भरलेले श्लुट्झक्राप्फन आईला करंज्यांचे चुलतभाऊ वाटले. सूपचं पाणी कशाचं आहे हे मात्र दर वेळी विचारावं लागलं. मेतकुटाची पिशवी होतीच.

एक चूक केली. भाड्याच्या दुकानात मी “जरा सैल द्या” म्हणून बूट घेतले. स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं आणि तो घट्टच हवा. पाऊल आत डुलत राहिलं की स्की ऐकत नाही. अर्धा दिवस गेला, मग मुकाट्याने बदलून आणले.

पहिल्या धड्याला आम्ही दोघं, एक डच काका आणि सरकत्या पट्ट्यावरून ऐटीत वर जाणारी चार वर्षांची पोरं. स्कीची टोकं जवळ आणून वेग मारायचा, त्याला शिक्षक “पिझ्झा!” असं ओरडत. मी पिझ्झा केला, तो उलटा झाला आणि मी कुंपणाच्या जाळीत. आई बाकावर गरम सफरचंदाचा रस पीत चित्रण करत होती. संध्याकाळी समोरचा सास्सोलुंगो डोंगर गुलाबी व्हायला लागला, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर साताऱ्याच्या मामाचा निरोप आला: “व्हिडिओ पाहिला. पिझ्झा शेवटी आला का?”