आई सतराची, आजी पस्तिशीची

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्याकडे जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, दूध पितंय का विचारायचं. या घरात पहिल्यांदा गेले तर बाळ नेमकं कुणाचं तेच कळंना. पस्तिशीची बाई पाय पसरून बाळाची टाळू भरत होती आणि सतरा वर्षांची पोरगी बाजेवर कान बांधून गप्प बसलेली. वय विचारलं की सगळं घर खाली बघतं, आणि हे एकच घर नाही बरं का, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसच्या वर पोरींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली.

आजी सहाणेवर वेखंड-मायफळ उगाळत होती, वर मध. मी म्हणलं, काकू, सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, गुटी नको, मध तर नकोच. तर म्हणे, "तुम्ही काय बाटलीवर वाढलात का ताई?" आता काय बोलणार, माझ्या आईनंही मला हेच चाटवलेलं.

ती पाण्याला गेली तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, "ताई, माझं दूध पुरत असंल का ओ? आई म्हनती कमी पडतं." मग माझ्या डोक्यात आलं की आपण उगीच पोरीला शिकवत बसतो, ऐकायला पाहिजे आजीनं. २८ व्या दिवशी झोळीचा काटा आजीच्याच हातात दिला. जन्मताना २१०० ग्रॅम, आता २७००. नुसत्या दुधावर, म्हणलं. ती काट्याकडे बघतच राहिली.

पण तोवर दसरा झालेला. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आजीला थांबता येणार नव्हतं. पुढच्या वर्षी पोरीचाही कोयता लागणार असं सासरचे आत्ताच बोलतायत.

४२ व्या दिवशी गेले तर पोरगी एकटीच पाय पसरून बाळाला न्हाऊ घालत होती, हुबेहूब आईसारखी, मान तेवढी जरा घाबरत धरलेली. उंबऱ्यात बसून पणजी सूचना देत होती. वजन ३२००.

कोपऱ्यातली सहाण ओली होती. मी पणजीकडं बघितलं, तिनं पदर सारखा केला.