फायलीतली एक ओळ

मानसशास्त्राच्या एका संशोधन-नियतकालिकात मी सहसंपादक आहे. पेपर छपाईला जाण्याआधीची शेवटची तपासणी माझ्याकडे असते. तसं हे कारकुनी काम. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आहे का, पालकांच्या संमतिपत्राचा नमुना जोडलाय का, पैसे कुणी दिले ते जाहीर केलंय का. त्या दिवशीच्या पेपरात सगळं जागच्या जागी होतं. पेपर तपासणारे दोन्ही तज्ज्ञ, म्हणजे रिव्ह्यूअर, खूश होते. एकाने तर डेटा सर्वांसाठी खुला ठेवल्याबद्दल लेखकांचं खास कौतुक केलं होतं.

विषय होता निवासी शाळेतल्या किशोरवयीन मुलांमधलं नैराश्य. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, अशा दोन फेऱ्यांत प्रश्नावली भरून घेतलेली. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. का, ते पुढे कळेलच.)

डेटाची फाइल उघडणं माझ्या कामात बसत नाही. एका तक्त्यातली बेरीज जुळेना म्हणून उघडली. नावं नव्हती, हजेरी क्रमांकही नव्हते. पण वय महिन्यांत, इयत्ता, लिंग, भावंडं किती, जुळं आहे का, आई-वडील हयात आहेत का, असे एकामागून एक रकाने होते. सहज फिल्टर लावला: दहावी, मुलगी, जुळी, वडील नाहीत. एकच ओळ उरली. आणि पेपरच्या शेवटी, आभारांत, मुख्याध्यापकांचं पूर्ण नाव. म्हणजे शाळा शोधायलाही फार कष्ट नकोत.

जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पाच आकडी क्रमांक एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात, हे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं. आमच्या क्षेत्रात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण त्यात ओळखू पाहणारा माणूस परका धरलेला आहे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत भीती परक्याची नसतेच. शेजारच्या कॉटवरची मुलगी, वर्गशिक्षिका, घरी आई, हेच लोक ती ओळ ओळखणार.

मग मी उजवीकडे सरकत गेले. प्रश्नावली पीएचक्यू-९ ची, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या संचाची, किशोरांसाठीची आवृत्ती होती. तिच्यात नववा प्रश्न असतो: गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले? शून्य म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे जवळजवळ रोज. त्या ओळीत ३ होता. दुसऱ्या फेरीचे रकाने रिकामे.

पेपरात या रिकाम्या जागेबद्दल एक वाक्य होतं: काही विद्यार्थी दुसऱ्या फेरीस उपलब्ध नव्हते.

मी मुख्य लेखकांना फोन लावला. माणूस सभ्य, पण वैतागलेला. "मॅडम, कमिटीने मंजुरी दिलीय. पालकांच्या सह्या आहेत. आणि डेटा खुला करा, असं तुमच्याच सूचनांमध्ये लिहिलंय." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेवटची जरा जास्तच खरी. डेटा खुला करा असा धोशा आम्हीच लावतो, पण कुठला रकाना खुला करायचा आणि कुठला नाही, याबद्दल आमच्या सूचनांत अवाक्षर नव्हतं.

मंजुरी मिळाली की संपादकाने गप्प बसावं, हे मात्र मला मान्य नाही. हेलसिंकी जाहीरनामा मूळचा माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा, १९६४ चा. पण प्रकाशनाची नैतिक जबाबदारी संशोधकांबरोबर संपादक आणि प्रकाशकांवरही आहे, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. लेखकांना ते सांगून फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो त्यांनीच जोडलेल्या एका कागदाने. पालक सही करतात ती संमती. मूल स्वतः होकार देतं तो असेंट. मुलांच्या असेंटच्या फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "तू दिलेली उत्तरं फक्त संशोधक पाहतील." हा शब्द मुलीला दिलेला होता. आईच्या सहीने तो परत घेता येत नाही. मी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "फाइल आजच काढतो."

मग मी नवव्या प्रश्नाचं विचारलं. ३ लिहिणाऱ्या मुलांचं पुढे काय केलंत?

"सर्व्हे निनावी होता. कुणाचं उत्तर कुठलं, कळायला मार्गच नव्हता."

"मग दोन फेऱ्यांची उत्तरं एकाच मुलाला कशी जोडलीत?"

कोडची यादी होती. कुठला कोड कुणाचा, ते त्यांच्या कपाटात होतं. प्रश्नावल्या भरून झाल्या, गठ्ठे बांधले गेले, आकडे कॉम्प्युटरवर चढवायला माणूस मिळाला तो काही महिन्यांनी. तोवर ती पानं कुणी उलटून पाहिली नव्हती. म्हणजे मदत करायच्या वेळी ती मुलगी निनावी, आणि फाइल जगापुढे ठेवताना तिचा पत्ता लागेल इतकी उघड. मला राग आला होता, आणि तो आवाजात उतरला असणार.

संध्याकाळपर्यंत लेखकांनी कमिटीला कळवलं आणि शाळेच्या समुपदेशकांना गाठलं. मुलगी दुसऱ्या शाळेत गेली होती. तिच्याशी संपर्क झाला, एवढंच आम्हाला कळवण्यात आलं. त्यापुढचं आम्ही विचारलं नाही; तो आमचा अधिकार नव्हे. असा धोका दिसला तर आम्ही मोठ्या माणसाला सांगू, हे खरं तर प्रश्नावली हातात देण्याआधीच मुलांना सांगायला हवं होतं. गुप्ततेची मर्यादा आधी सांगितली नसेल, तर मदतीला आलेला माणूसही मुलांना फितूर वाटतो.

फाइल काढली, तरी रिपॉझिटरीच्या, म्हणजे जिथे डेटा सर्वांसाठी ठेवला होता त्या संकेतस्थळाच्या, पानावर 'डाउनलोड' पुढचा आकडा शून्य नव्हता. त्या प्रती कुणाकडे आहेत, ते कळायची सोय नाही.

पेपर काही महिन्यांनी छापला. वय आता गटांत आहे, जुळ्यांचा आणि आई-वडिलांचा रकाना गेला, मुख्याध्यापकांचे आभार नुसत्या पदनामाने मानलेत, आणि मूळ डेटा हवा असेल तर अर्ज करून, गुप्ततेचा करार करून मिळतो. आमच्या सबमिशन फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न आला: धोक्याचं उत्तर देणाऱ्या मुलांसाठी काय व्यवस्था होती, आणि ती किती तासांत अमलात आली? उत्तर नसेल तर पेपर रिव्ह्यूला पाठवूच नये, असं माझं म्हणणं. मुख्य संपादकांना ते फार कडक वाटतं. अशाने निम्मे पेपर दारातूनच परत जातील, असं ते म्हणतात. जाऊ देत, असं मी म्हणते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो मुद्दा मी पुन्हा घातला आहे.